क्षमा मागावी ती बांधावर जाऊन



भाद्रपद लागला की आपल्या घरात गणपती येतो आणि रानात सोयाबीनच्या शेंगा भरू लागतात. भुईमूग मातीखाली आपले काम करीत असतो आणि पावसाची उघडझाप चाललेली असते. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतल्या गावांत, याच दिवसांत आणखी एक मोठा सण असतो. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमीला, तिथल्या जैन बस्तीत दशलक्षण पर्व सुरू होते आणि अनंत चतुर्दशीला ते पुरे होते. बस्ती म्हणजे जैन मंदिर. आमच्या भागात हाच शब्द चालतो.

शेतीखात्यातल्या नोकरीमुळे या गावांतून माझी बरीच वर्षे फिरती झाली. मी स्वतः जैन नाही. "साहेब, एकदा पर्वात राहायला या," असे आमंत्रण दर वर्षी असे आणि काही ना काही कारणाने ते दर वर्षी राहून जाई. गेल्या भाद्रपदात मात्र रजा टाकली आणि गेलो. तिथे जे पाहिले ते तुम्हाला सांगावेसे वाटते. त्यात धर्म तर आहेच, शिवाय आपल्या सगळ्यांच्या बांधावरचे एक जुने दुखणेही आहे.

नांगर धरणारे जैन

लांबच्या वाचकांना आधी एक गोष्ट सांगायला हवी. जैन म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पेठेतले दुकान येते. कोल्हापूर, सांगली आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागात मात्र हा समाज मुख्यतः शेतकऱ्यांचा आहे. चतुर्थ आणि पंचम या त्यांच्यातल्या मोठ्या शाखा, आणि पंथ दिगंबर. आडनावे पाटील, चौगुले, मगदूम अशी. पहाटे उठून गोठा बघणारी, ऊसतोडीच्या चिठ्ठीची वाट पाहणारी, पाण्याच्या पाळीसाठी रात्री रानात जाणारी ही माणसे आहेत. कृष्णाकाठाने खाली गेलो की काही घरांत मराठीच्या जोडीला कानडीही कानावर पडते.

कर्मवीर भाऊराव पाटील याच शेतकरी जैन समाजातले. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोज गावी झाला. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि तिच्या शाळांतून सगळ्या जातींची शेतकऱ्यांची पोरे शिकली. गेल्या शतकातले थोर दिगंबर मुनी म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते आचार्य शांतिसागरही शेतकऱ्याच्या घरातलेच. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळ, आज बेळगाव जिल्ह्यात असलेल्या भोज गावच्या पाटील घराण्यात ते वाढले. पिकावर आलेल्या पाखरांना ते हुसकावीत नसत, उलट त्यांच्यासाठी रानात पाणी ठेवीत, अशी त्यांची आठवण सांगितली जाते. १९५५ मध्ये कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला.

आता तुमच्या मनात जो प्रश्न आला असेल तो मलाही पडत असे. मुंगी मरू नये म्हणून जपणारा धर्म आणि नांगराच्या तासात रोज किती जीव मरतात याचा हिशेब नसलेला धंदा, यांचा मेळ बसतो कसा? बस्तीतल्या पंडितांना मी तसे विचारलेच. ते म्हणाले, "आमच्यात हिंसेचे चार प्रकार मानतात. ठरवून, मारायच्याच हेतूने केलेली ती संकल्पी. घरकामात होते ती आरंभी. पोटाच्या धंद्यात होते ती उद्योगी. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी होते ती विरोधी. संसारी माणसाने पहिली सोडायचीच. बाकीच्या तीन पुऱ्या सुटत नाहीत, म्हणून त्या कमीत कमी करायच्या आणि झाल्या त्याची जाणीव ठेवायची."

शेतीला या धर्मात कमीपणा नाही. पहिले तीर्थंकर आदिनाथ यांनी माणसांना जे सहा उद्योग शिकवले, त्यांत शस्त्र, लेखन, विद्या, व्यापार आणि कलाकुसर यांच्या बरोबरीने शेती आहे. याच आदिनाथांच्या दीर्घ उपवासाचे पारणे राजा श्रेयांसाने उसाच्या रसाने घडवले, आणि तो दिवस अक्षय तृतीयेचा मानतात. उसाच्या मुलखात ही कथा लोकांना विशेष प्यारी असावी, यात नवल नाही.

शुक्रवार पेठेतून बाहुबलीच्या डोंगरावर

प्रवासाला सुरुवात कोल्हापूर शहरातून केली. शुक्रवार पेठेत लक्ष्मीसेन भट्टारकांचा जुना मठ आहे. या शहराशी जैनांचे नाते फार जुने. शिलाहार राजांच्या काळात, बाराव्या शतकात, निंबदेव नावाच्या सामंताने इथे रूपनारायण बस्ती बांधली. पुढे शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी जी वसतिगृहे उभी करवली, त्यांत १९०१ सालचे दिगंबर जैन बोर्डिंगही होते. खेड्यातली कितीतरी मुले त्या बोर्डिंगात राहून शिकली.

शहराच्या व्यापारपेठेत श्वेतांबर पंथाची मंडळीही आहेत. त्यांचे पर्युषण आठ दिवसांचे असते आणि ते संवत्सरीला संपते. त्या दिवशी ते एकमेकांना "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतात. माझ्या हातून झालेले वाईट निष्फळ होवो, असा त्याचा अर्थ. त्यांचे पर्व संपत येते त्याच सुमारास दिगंबरांचे सुरू होते.

कोल्हापूरहून एस.टी.ने हातकणंगल्यास आणि तिथून कुंभोजजवळच्या बाहुबली डोंगराच्या पायथ्याशी उतरलो. समंतभद्र महाराजांनी १९३४ मध्ये इथे गुरुकुल सुरू केले. बाहुबलींची २८ फूट उंचीची पांढऱ्या संगमरवराची उभी मूर्ती १९६३ मध्ये बसवली. डोंगरावर दिगंबरांची मंदिरे आहेत, तसे श्वेतांबरांचे जगवल्लभ पार्श्वनाथाचेही मंदिर आहे. पायऱ्या चढून वर गेले की चारी बाजूंना हिरवे रान आणि मधून कारखान्यांची धुराडी दिसतात. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा वडीलधाऱ्यांना हात देऊन चढवावे.

बाहुबलींची कथा पायथ्याशी बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला सांगितली. भरत आणि बाहुबली हे आदिनाथांचे दोन मुलगे. वडील संन्यास घेऊन निघून गेल्यावर राज्याची वाटणी झाली. थोरला भरत दिग्विजय करून आला आणि धाकट्यानेही आपल्याला मान तुकवावी असे म्हणू लागला. धाकटा ऐकेना. सैन्ये समोरासमोर उभी राहिली. तेव्हा दोन्हीकडचे शहाणे मंत्री म्हणाले, भावाभावांच्या भांडणात शिपाई कशाला मारता? तुमचे तुम्हीच निवडा. मग पापणी न लववता बघायचे युद्ध झाले, पाण्यातले झाले आणि शेवटी कुस्ती झाली. तिन्ही धाकट्याने जिंकली. भरताला खांद्यावर उचलून धरले असतानाच त्याला वाटले, जमिनीच्या तुकड्यासाठी मी हे काय करतो आहे? त्याने भावाला हळूच खाली ठेवले, राज्य सोडले आणि तपाला उभा राहिला. वर्षभर तो उभा होता. पायांवर वेली चढल्या, शेजारी वारुळे झाली, तरी ज्ञान होईना. त्याच्या मनात एकच सल राहिला होता, की मी उभा आहे ती जमीन भावाची आहे. अखेर भरत स्वतः आला, त्याने पाया पडून मनातला तो काटा काढला, आणि मगच बाहुबलींना ज्ञान झाले.

"म्हणजे भाऊ आल्याशिवाय सुटका झाली नाही," ते गृहस्थ म्हणाले. कोल्हापूरच्या कुस्तीवेड्या मुलखात कुस्तीचा भाग रंगवून सांगतात हे मला माहीत होते. पण त्यांनी जोर दिला तो शेवटावर. हे वाक्य पुढे चार दिवस माझ्या मनात राहिले.

दहा दिवस, दहा धर्म

डोंगरावरून उतरून शिरोळ तालुक्यातल्या त्या गावी गेलो. गावाचे आणि घराचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे घरातली गोष्ट सांगणार आहे. नदीकाठचे गाव, काळी मळीची जमीन, ऊस आणि सोयाबीन. माझे यजमान साठी ओलांडलेले, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्या आई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना गाव आजी म्हणते, मीही तेच म्हणतो.

दशलक्षण म्हणजे धर्माची दहा लक्षणे. क्षमा, मार्दव म्हणजे नम्रता, आर्जव म्हणजे सरळपणा, शौच म्हणजे मनाचा स्वच्छपणा, सत्य, संयम, तप, त्याग, आकिंचन्य म्हणजे माझे-माझे न म्हणणे, आणि ब्रह्मचर्य. प्रत्येकाला एक दिवस दिलेला. रोज त्या एका गुणावर बस्तीत प्रवचन होते. उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राचे अध्यायही दहाच आहेत. ते रोज एक याप्रमाणे वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगतात.

पहाटे बस्तीत अभिषेक असतो. आमच्या भागात तो पंचामृताने करण्याची रीत आहे. पाणी, नारळाचे पाणी, उसाचा रस, दूध, दही, चंदन असे एकेक मूर्तीवरून ओततात, आणि पांढऱ्या मूर्तीचा रंग क्षणाक्षणाला पालटताना दिसतो. हा मान कोणाला मिळायचा यासाठी सवाल होतो, म्हणजे बोली लागते, आणि त्याचा पैसा बस्तीच्या कामाला जातो. धूतवस्त्र नेसलेले पुरुष, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया आणि झोपेतून उठवून आणलेली मुले, सगळी मंडळी एका तालात म्हणत असतात. शुद्ध दशमीला सुगंध दशमी असते. त्या दिवशी धूप घालायला इतकी गर्दी झाली की बस्तीबाहेरच्या रस्त्यापर्यंत सुवास येत होता.

उपवासाचे प्रकार ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे. कोणी दहाही दिवस फक्त पाण्यावर राहतात, कोणी एक दिवसाआड उपवास करतात, कोणी दिवसातून एकदाच जेवतात. शेतावर राबणाऱ्या गड्याने किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने उपवास केलाच पाहिजे अशी सक्ती मी कुठे पाहिली नाही. अण्णांची सून अनंत चतुर्दशीचा एकच कडक उपवास करणार होती. "दहा दिवस केले तर धारा कोण काढणार?" ती हसून म्हणाली.

चुलीपाशी

या घराचे स्वयंपाकघर मी मुद्दाम पाहिले, कारण आपल्या भगिनींना त्यात रस वाटेल. कांदा, लसूण, बटाटा, रताळे, गाजर, मुळा असे जमिनीखाली वाढणारे काही या दिवसांत घरात येत नाही. एक कंद उपटला की त्याच्या आधाराने राहणारे असंख्य जीव जातात, अशी त्यामागची समजूत. पालेभाज्याही बंद, कारण पावसाळ्यात त्यांच्या पानापानांत किडी-अळ्या असतात. मग जेवण काय? ज्वारीची भाकरी, मुगाची किंवा तुरीची आमटी, मटकी, दूध, तूप, ताक. फोडणीला हिंग आणि जिरे. मी खाऊन पाहिले. पहिल्या दिवशी लसणाची आठवण आली, दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

पाणी दुपदरी फडक्यातून गाळून घेतात आणि उकळतात. फडक्यात जे राहते ते ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत परत सोडायचे, म्हणजे त्यातले जीव आपल्या ठिकाणी जातात. पीठ पावसाळ्यात तीन दिवसांपुरतेच दळायचे, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांपुरते. दमट हवेत पिठाला लवकर कीड आणि बुरशी लागते हे आपण शाळेत शिकतो. आजींनी ते सासूकडून घेतले. डाळ-कडधान्य उजेडात बसून दाणा-दाणा निवडायचे हे कामही त्या स्वतःच करतात.

संध्याकाळचे जेवण सूर्य मावळायच्या आत. दिवे लागल्यावर चूल नाही. ढगाळ दिवशी आजी दर थोड्या वेळाने नातवाला घड्याळ विचारीत होत्या.

रानातला नेम

अण्णांच्या घरचा स्वतःचा एक नेम आहे. हे दहा दिवस ते रानात औषध फवारीत नाहीत. वैरण-पाणी, धारा, पाण्याची पाळी हे सगळे चालू, फवारणीचा पंप मात्र माळ्यावर. सगळी जैन घरे असे पाळतात असे नाही. शेजारच्या रानात पंपाचा आवाज येतच होता.

"सायेब, तुमी रागावणार," अण्णा मला बांधावरून नेताना म्हणाले, "पण पर्वात नाही म्हणजे नाही."

मी रागावलो नाही, पण सोयाबीनमध्ये उतरलो. ओळीओळीत पानांखाली हात घालून पाहिले, चार-पाच ठिकाणी रोपे हलवून किती अळ्या पडतात ते मोजले. पाने खाणारी अळी होती, पण थोडी. कोळी आणि ढालकिडे तिच्या मागावर होते. मला प्रामाणिकपणे सांगावे लागले, की पर्व नसते तरी आज इथे फवारणी सांगितली नसती. पंधरा दिवस झाले की पंप काढायचा, शेजाऱ्याने मारले की आपणही मारायचे, ही आपल्याकडची सवय आहे. पुस्तकात आर्थिक नुकसानीची पातळी म्हणून जे दिलेले असते ते हेच. कीड मोजा, नुकसान खर्चापेक्षा मोठे होणार असेल तरच औषध घ्या. पंडितांच्या शब्दांत सांगायचे तर पोटाच्या धंद्यातली हिंसा कमीत कमी. त्यात खिशाचाही फायदा असतो.

पण सगळे इतके सरळ नसते, हेही लिहिले पाहिजे. याच भागात उसाला हुमणीचा त्रास मोठा. वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगे कडुनिंबा-बाभळीवर जमतात. ते रात्री झाडे हलवून गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे, असे मी शेकडो सभांत सांगितले आहे. ते काम अण्णा गड्याकडून करून घेतात आणि आजींना सांगत नाहीत. आजींना ते ठाऊक असते. "पिकाला लागतंय, करा बाबा," त्या मला म्हणाल्या, "पर खेळ म्हणून करू नगा. पोरं हसत-हसत मारत्यात, त्ये बघवत न्हाई."

पुरात वाहून गेलेला बांध

अण्णांच्या रानाला लागून त्यांच्या धाकट्या भावाचे रान. दोघांच्या मधे सरबांध. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्याचे काय झाले ते तुम्ही ऐकले असेल. या रानांवरही कितीतरी दिवस पाणी उभे होते. पाणी उतरले तेव्हा ऊस कुजलेला, सगळीकडे गाळाचा थर, आणि दोन भावांमधला बांध मोडून सपाट झालेला. हद्दीचा दगडही सापडेना.

धाकट्याने ट्रॅक्टर लावून बांध घातला. अण्णा म्हणाले, दीड हात माझ्या रानात आलास. तो म्हणाला, जुना बांध इथेच होता. शब्दाला शब्द वाढला आणि चार माणसांच्या देखत अण्णा बोलून गेले, "बाप गेला म्हणून चोरी करतोस व्हय?" तेव्हापासून बोलणे बंद. जुलै २०२१ ला पुन्हा पूर आला. तेव्हा एकाच गल्लीतून दोघांची जनावरे दोन वेगवेगळ्या ट्रॅक्टरांनी दोन वेगवेगळ्या ठिकाणी गेली. आजी थोरल्याकडे राहतात. धाकट्याच्या घरचे ताक कोणा पोराच्या हाती येते, तेवढेच येणे-जाणे.

अनंत चतुर्दशीला दिवसा बस्तीची पालखी निघाली आणि रात्री गावच्या गणपतीचे विसर्जन झाले. पालखीपुढे गणपती मंडळाच्या पोरांनी रस्ता झाडला होता, आणि रात्री जैन पोरे मिरवणुकीत होती. मधला पौर्णिमेचा दिवस गेला आणि भाद्रपद वद्य प्रतिपदा उजाडली. इतरांच्या घरी त्या दिवशी पितृपंधरवडा लागतो. जैनांचा तो क्षमावाणीचा दिवस. दहा दिवसांतला पहिला धर्म क्षमा, आणि सगळे संपल्यावर पुन्हा क्षमाच.

बस्तीत प्रवचन झाल्यावर सगळे उठले. लहानांनी मोठ्यांच्या पाया पडावे, मोठ्यांनीही लहानांपुढे हात जोडावेत, आणि म्हणावे, "वर्षभरात काही चुकलं-माकलं असंल तर क्षमा असावी." सासू सुनेला म्हणत होती, मालक गड्याला म्हणत होता. माझ्याही समोर लोक हात जोडत होते आणि मला संकोच वाटत होता. अण्णा एका खांबाशी होते, धाकटा भाऊ दुसऱ्या खांबाशी. दोघांनीही सगळ्या सभेला मिळून नमस्कार केला. एकमेकांकडे कोणी पाहिले नाही.

घरी आल्यावर अण्णांचा मोबाईल वाजत राहिला. फुलांची चित्रे आणि खाली क्षमेचे शब्द. अण्णाही चष्मा लावून एकेकाला तसाच संदेश धाडीत होते. आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"किती जणांस्नी धाडलास?" त्यांनी विचारले.

"झालं असतील शंभर."

"मग बांधापलीकडचा तेवढा ऱ्हायला."

अण्णा काही बोलले नाहीत. मोबाईल खाली ठेवून बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग उठून टोपी घातली आणि मला म्हणाले, "चला सायेब, रानात जाऊन येऊ."

धाकटा भाऊ बांधालगत वैरण कापीत होता. आम्हाला बघून तो उभा राहिला, विळा हातातच. मी मागे थांबलो. अण्णा बांधावर चढले, पलीकडे उतरले आणि म्हणाले, "तुला चोर म्हणालो होतो. चार माणसांत म्हणालो होतो. तेवढं माफ कर."

तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मीबी वकिलाकडं जाऊन आलोय, अण्णा. तुला सांगितलं न्हवतं." आणि थोड्या वेळाने, "आईचं गुडघं कसं हाय?"

एवढेच. मिठी नाही, रडणे नाही. बांध तिथेच आहे. तो दीड हात कोणाचा हे त्या दिवशी ठरले नाही. पण दोघांनी मिळून सरकारी मोजणीचा अर्ज करायचा आणि दगड निघेल तिथे तो दोघांच्या देखत रोवायचा, एवढे परतताना ठरले. वैरणीचा भारा अण्णांनीच त्याच्या डोक्यावर दिला.

माझा स्वतःचा हिशेब

त्या रात्री मला झोप लागली नाही. जवळच्याच एका गावात एक शेतकरी आहेत, त्यांना आप्पा म्हणतात. काही वर्षांपूर्वी सोयाबीनमधल्या तणनाशकाचे माप विचारायला त्यांचा फोन आला होता. मी घाईत होतो. कोणती बाटली आणली ते न विचारताच माप सांगून टाकले. एकराचे पीक करपले. आप्पा भेटायला आले तेव्हा मी म्हणालो, "तुम्हीच माप चुकवलं असेल." संध्याकाळी माझी टिपणवही उघडली आणि समजले, मी सांगितलेले माप दुसऱ्याच औषधाचे होते. हे मी त्यांना कधी सांगितले नाही. पुढे किती वेळा भेट झाली, शेतीदिनांना त्यांच्या गळ्यात हारही घातला. ते मात्र राहून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो आणि सांगितले. आप्पांनी ऐकून घेतले. म्हणाले, "मला तवाच कळलं होतं, सायेब. तुमी कवा बोलताय त्ये बघत होतो." काही वेळ दोघेही गप्प होतो. मग त्यांनी चहा सांगितला. निघताना म्हणाले, "आता मी दुकानात न् तुमच्याकडंबी बाटली दाखवल्याबिगार इचारत न्हाई." वाचकहो, तुम्हीही तेच करा. लेबल वाचा, बाटली दाखवा आणि साहेब घाईत असेल तर त्याला थांबवा.

त्यांनी मला माफ केले की नाही, ते शब्दांत म्हणाले नाहीत. मीही विचारले नाही. मागणे आपल्या हातात, देणे त्यांच्या.

जायचे असेल तर

भाद्रपद शुद्ध पंचमी ते वद्य प्रतिपदा हे दिवस धरा. हातकणंगले आणि जयसिंगपूर ही दोन्ही रेल्वे स्थानके कोल्हापूर-मिरज मार्गावर आहेत. बाहुबलीचा डोंगर, नांदणीचा जुना जिनसेन मठ, आणि वेळ असेल तर खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर व तिथलीच प्राचीन बस्ती पाहता येईल. नृसिंहवाडीचा संगमही वाटेवरच. बस्तीत जाताना चामड्याचा पट्टा, पाकीट बाहेर ठेवावे, पाय धुवावेत आणि ओळखीच्या घरी उतरणार असाल तर दिवस मावळायच्या आत पोहोचावे, म्हणजे घरच्या बाईला अडचण होत नाही.

आणि जाणे जमले नाही तरी हरकत नाही. आपल्या प्रत्येकाच्या रानाला बांध आहे आणि त्या बांधापलीकडे कोणीतरी आहे. येत्या भाद्रपद वद्य प्रतिपदेला तिकडे एक चक्कर मारून या. मोबाईल घरी ठेवून गेलात तरी चालेल.